उतारवय, निसर्ग आणि स्मृती : पाली वाङ्मयाच्या प्रकाशात

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात जुनी छायाचित्रे असतात, पहिल्या तुकड्यांची नावे असतात आणि आज हयात नसलेल्या गुरुजनांविषयी कृतज्ञतेचे चार शब्द असतात. ही पाने उलटताना मन भरून येते आणि त्याच वेळी किती काळ लोटला याची जाणीव होते. जी मुले एके काळी पहाटेच्या वंदनेला डोळे चोळत येऊन बसत, त्यांपैकी अनेकांचे केस आता पिकले आहेत. त्यांना शाळेत आणून सोडणारे आईवडील थकले आहेत. काहींचे निघूनही गेले आहेत. म्हणून या निमित्ताने वार्धक्य आणि स्मृती या विषयांवर थोडे सविस्तर लिहावे, असे आम्हांस वाटले.

जरा, व्याधी आणि मरण ही दुःखे आहेत, हे चार आर्यसत्यांच्या पाठात आपण लहानपणीच ऐकलेले असते. त्यामुळे धम्म वार्धक्याकडे केवळ दुःख म्हणून पाहतो, असा समज होण्याचा संभव असतो. परंतु पाली वाङ्मयात जरेची केवळ व्याख्या नाही. माणसे प्रत्यक्ष म्हातारी कशी झाली, याच्या नोंदीही तेथे आहेत. स्वतः भगवान बुद्धांचे वार्धक्य तेथे आहे, त्यांच्या भिक्खू-भिक्खुणींचे आहे आणि गृहस्थांचेही आहे. या नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे उतारवयातील शांती कशावर उभी असते, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

बुद्धांचे वार्धक्य

संयुत्तनिकायात एक लहानसा प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात, बुद्ध सायंकाळी एकांतातून उठून उतरत्या उन्हात पाठ शेकत बसले आहेत. आनंद त्यांचे अंग चोळीत आहेत. चोळता चोळता आनंदांच्या लक्षात येते की कांती पूर्वीसारखी राहिली नाही, हातापायांवर सुरकुत्या पडल्या आहेत, शरीर पुढे वाकले आहे. ते ही गोष्ट मोकळेपणाने बोलून दाखवितात. बुद्ध ती नाकारीत नाहीत. तारुण्यात जरा आहे, आरोग्यात व्याधी आहे आणि जीवितात मरण आहे, असे ते सांगतात.

या प्रसंगातील साधेपणा विचार करण्याजोगा आहे. ज्याला आपण शास्ता मानतो त्याच्या अंगावरच्या सुरकुत्या ग्रंथकारांनी लपविल्या नाहीत. पुढे महापरिनिब्बान सुत्तात हीच गोष्ट अधिक विस्ताराने येते. अखेरचा वर्षावास बुद्धांनी वैशालीजवळच्या वेळुव गावी केला. तेथे त्यांना तीव्र आजार झाला. त्यातून ते उठले तेव्हा त्यांनी आनंदांना आपले वय ऐंशी झाल्याचे सांगितले. जुनी गाडी वाद्यांनी बांधून कशीबशी चालवावी तसे हे शरीर चालले आहे, असा दृष्टान्त त्यांनी दिला. लगेच पुढे स्वतःच स्वतःचा आधार होण्याचा आणि धम्माला आधार मानण्याचा सुप्रसिद्ध उपदेश येतो. हा उपदेश आपण नेहमी उद्धृत करतो, पण तो कोणत्या क्षणी केला गेला हे बहुधा विसरतो. तो आजारातून नुकत्याच उठलेल्या वृद्ध माणसाने केलेला आहे. स्वतःचा आधार होणे म्हणजे नेमके काय, याचे स्पष्टीकरणही तेथेच आहे : काया, वेदना, चित्त आणि धम्म यांच्याविषयी जागरूक राहणे. म्हणजे शरीराचा आधार सुटू लागला असता कशाचा आधार घ्यावा, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

याच शेवटच्या प्रवासातील आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली चुंदाची. पावा येथे चुंद कर्मारपुत्राने दिलेल्या भोजनानंतर बुद्धांचा आजार बळावला. त्या अवस्थेतही त्यांना चिंता होती ती चुंदाची. आपल्या हातच्या अन्नाने तथागतांचे निधन ओढवले, असे म्हणून कोणी चुंदाला दोष देईल आणि तो आयुष्यभर झुरत राहील, हे त्यांनी ओळखले. म्हणून संबोधीपूर्वी मिळालेले भोजन आणि हे अखेरचे भोजन ही दोन्ही सारखीच फलदायी आहेत, असे चुंदाला सांगण्याची जबाबदारी त्यांनी आनंदांवर सोपविली. दुसरी गोष्ट आनंदांची. कुसिनारा येथे मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा आनंद बाजूला जाऊन रडू लागले. बुद्धांनी त्यांना बोलावून घेतले, प्रियजनांचा वियोग अटळ असल्याचे समजावले आणि मग भिक्खूंसमोर त्यांच्या दीर्घ सेवेची व गुणांची प्रशंसा केली.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे भव्य शिल्प आहे. सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. दोन शालवृक्षांमध्ये उजव्या कुशीवर पहुडलेली ती मूर्ती शांत आहे आणि तिच्या खालच्या बाजूस शोकाकुल शिष्य बसलेले आहेत. शिल्पकारांनी शांती आणि शोक ही दोन्ही एकाच भिंतीवर कोरली. शोक करणाऱ्यांना तेथून हाकलून दिलेले नाही. आपल्या घरांतही असेच घडत असते. जाणारा शांत असला तरी मागे राहणाऱ्यांचे डोळे भरून येतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

थेरींचे सत्यकथन

खुद्दकनिकायातील थेरगाथा आणि थेरीगाथा हे दोन ग्रंथ म्हणजे भिक्खू-भिक्खुणींनी आपल्या अनुभवांविषयी काढलेल्या उद्गारांचे संग्रह होत. थेरीगाथेत ७३ थेरींच्या रचना मानल्या जातात आणि जगातील स्त्रियांच्या अतिप्राचीन रचनासंग्रहांत तिची गणना होते. तीत वार्धक्याचा विषय वारंवार येतो.

वैशालीची आम्रपाली आपल्या परिचयाची आहे. रूपामुळे तिला वैभव मिळाले. पुढे तिने आपले आम्रवन संघाला दान दिले आणि स्वतः प्रव्रज्या घेतली. वृद्धपणी तिने आपल्या शरीराचे जे वर्णन केले आहे ते केसांपासून पायांपर्यंत क्रमाने जाते. प्रत्येक अवयव पूर्वी कसा होता आणि आता कसा झाला, हे ती सांगते आणि शेवटी प्रत्येक वेळी बुद्धवचनाच्या सत्यतेची ग्वाही देते. जिचे सारे मोल जगाने रूपात मोजले होते, तिनेच रूपाचे हे मोजमाप निर्विकारपणे संपवून टाकले. त्या वर्णनात तक्रारीचा सूर नाही आणि स्वतःविषयीची घृणाही नाही.

धम्मा नावाच्या थेरीची रचना अगदी लहान आहे. काठी टेकीत, कापऱ्या अंगाने ती भिक्षेला निघाली आणि वाटेत जमिनीवर पडली. त्या पडण्यातच तिला देहाचे खरे स्वरूप दिसले आणि तिचे चित्त मुक्त झाले. घरातील वृद्ध माणूस तोल जाऊन पडले की आपण घाबरतो आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु पडणाऱ्याला त्या वेळी वेदनेइतकीच लाजही वाटत असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. धम्मा थेरीचे पडणे दोन हजारांहून अधिक वर्षे आदराने जपले गेले, ही गोष्ट अशा वेळी आठवावी.

सोणा थेरीची कथा तर आजच्या वर्तमानपत्रातली वाटावी अशी आहे. तिने दहा मुलांना जन्म दिला आणि म्हातारपणी, अशक्त झाल्यावर, ती एका भिक्खुणीकडे गेली. अट्ठकथेत याचे कारण सांगितले आहे : संपत्ती मुलांच्या स्वाधीन केल्यावर मुलांनी तिची उपेक्षा केली. उतारवयात तिने धम्माचे शिक्षण घेतले आणि ती अर्हत्पदाला पोहोचली. शिकण्याला वय नसते, हे आपण भाषणांत सांगतो. सोणेने ते करून दाखविले. मात्र तिच्या यशाने तिच्या मुलांची उपेक्षा क्षम्य ठरत नाही, हेही आपण विसरू नये.

डोंगर, पाऊस आणि महाकाश्यप

वार्धक्य आणि निसर्ग यांचा संबंध पाहावयाचा तर महाकाश्यपांकडे वळले पाहिजे. ते धुतांगधारी, म्हणजे अत्यंत साधेपणाने अरण्यात राहणारे भिक्खू होते. एकदा राजगृहाच्या वेळुवनात बुद्धांनी त्यांना आपुलकीने सुचविले की आता तुम्ही वृद्ध झालात, ही चिंध्यांची जड चीवरे तुम्हांस पेलत नसतील, तेव्हा उपासकांनी दिलेली वस्त्रे वापरा आणि माझ्याजवळ राहा. महाकाश्यपांनी नम्रपणे आपलाच मार्ग चालू ठेवण्याची इच्छा सांगितली. त्यासाठी त्यांनी दोन कारणे दिली : स्वतःला त्यात सुख आहे आणि पुढच्या पिढ्यांना उदाहरण मिळावे. बुद्धांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. वृद्धांच्या काळजीपोटी त्यांना त्यांच्या आवडत्या जागेवरून, शेतावरून किंवा गावाहून हलविण्याचा विचार जेव्हा आपण करतो, तेव्हा हा संवाद मार्गदर्शक ठरावा. येथे सूचनेत प्रेम आहे, नकारात आदर आहे आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहिला आहे.

थेरगाथेतील महाकाश्यपांच्या रचनेत डोंगरांचे वर्णन आहे. भिक्षा आटोपून ते कडा चढतात. ढगांच्या रंगाचे खडक, थंड निर्मळ पाणी, पावसात भिजलेली पठारे आणि मोरांचे आवाज यांत त्यांचे मन रमते. तेथे इंदगोपक नावाच्या तांबड्या किड्याचाही उल्लेख आहे. पहिल्या पावसानंतर मातीवर मखमलीच्या थेंबांसारखे चालणारे हे जीव आपल्याकडे मृगाचे किडे म्हणून ओळखले जातात. लहानपणी ते तळहातावर घेऊन पाहिलेले नाहीत, असे खेड्यातून आलेले विद्यार्थी थोडेच असतील.

महाकाश्यपांना निसर्ग रम्य वाटतो, पण तो त्यांना स्वतःचा करून घ्यावयाचा नाही. आपल्याजवळ जे नाही त्याची हुरहुर त्या रमण्यात नाही. उतारवयात अनेकांची बाहेरची धावपळ कमी होते आणि पाहण्याला सवड मिळते. अंगणातील पिंपळ हा या दृष्टीने आपला जुना शिक्षक आहे. माघ-फाल्गुनात त्याची पाने पिवळी होऊन गळतात आणि थोड्याच दिवसांत तांबूस कोवळी पालवी फुटते. गळणारे पान आणि फुटणारे पान एकाच फांदीवर दिसते. पूर्ण विकसित पान झाडावर राहावे म्हणून पिंपळ अडून बसत नाही. अनित्यतेवरील व्याख्यान ज्यांना अवघड वाटते, त्यांनी दोन महिने एका पिंपळाकडे रोज दहा मिनिटे पाहावे.

बुद्धांचा निसर्गाकडे पाहण्याचा भाव शेवटपर्यंत असाच होता. परिनिर्वाणापूर्वी काही महिने चापाल चैत्यापाशी बसून त्यांनी वैशाली व तिच्या आसपासची चैत्यस्थाने किती रमणीय आहेत, हे एकेक नाव घेऊन सांगितले. पुढे वैशाली सोडताना त्यांनी मागे वळून नगराकडे पाहिले आणि हे आपले वैशालीचे अखेरचे दर्शन असल्याचे आनंदांना सांगितले. विरक्ती म्हणजे सौंदर्य न दिसणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. सुंदर गोष्टीकडे डोळे भरून पाहावे आणि मग पुढे चालू लागावे, हा त्यातील धडा आहे.

स्मृती : एका शब्दाचे दोन अर्थ

आता स्मृतीकडे येऊ. पाली भाषेतील ‘सति’ हा शब्द म्हणजे संस्कृत-मराठीतील ‘स्मृती’. मराठीत आपण तो आठवण या अर्थी वापरतो. पालीत त्याचा आणखी एक अर्थ आहे : या क्षणाची जाग, अवधान. हे दोन अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत. संयुत्तनिकायात सति-इंद्रियाचे स्पष्टीकरण देताना फार पूर्वी केलेले आणि बोललेलेही आठवू शकणे, हे त्याचे लक्षण सांगितले आहे. जो त्या वेळी जागा होता, त्यालाच नंतर नीट आठवते. सहज दिसणारी ही गोष्ट साधनेचे मर्म आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आनंद हेच होत. पंचवीस वर्षे ते बुद्धांच्या सेवेत होते. परिनिर्वाणानंतर राजगृहाला सप्तपर्णी गुहेपाशी पहिली संगीती भरली तेव्हा विनय उपालींनी सांगितला आणि धम्म आनंदांनी. आजही सुत्तांचा आरंभ ऐकल्याच्या साक्षीने होतो, तो या परंपरेमुळे. कागद नव्हता, मुद्रण नव्हते. एका माणसाने लक्ष देऊन ऐकले आणि ते विश्वासाने पुढे दिले, म्हणून आज आपल्या हाती धम्म आहे.

पण याच आनंदांच्या उतारवयातील एकटेपणाचीही नोंद थेरगाथेत आहे. जुने सोबती निघून गेले, नव्यांशी मन जुळत नाही आणि पावसात घरट्यात बसलेल्या पाखरासारखे आपण एकटे ध्यान करीत आहोत, असा त्यांचा अनुभव तेथे आला आहे. वृद्ध माणसांचे दुखणे पुष्कळदा हेच असते. गुडघे आणि डोळे यांवर उपचार करता येतात. ज्यांच्याशी जुन्या गोष्टी बोलाव्यात ती माणसे मात्र परत येत नाहीत. आनंदांनी या एकटेपणावर शोधलेला उपाय त्याच रचनेत आहे. मित्र गेला, शास्ताही गेले, अशा वेळी कायगतासति, म्हणजे देहाविषयीची जागरूकता, हीच खरी सोबत असल्याचे ते सांगतात. आठवण या अर्थाची स्मृती जेव्हा मनाला पोकळ करू लागते, तेव्हा अवधान या अर्थाची स्मृती त्याला सावरते.

भूतकाळाच्या मागे धावू नये, असे मज्झिमनिकायातील भद्देकरत्त सुत्तात सांगितले आहे. त्याचा अर्थ आठवणी येऊ देऊ नयेत, असा नाही. तेव्हा मी असा होतो, तशी सत्ता होती, तसे रूप होते, असे म्हणत मन त्यातच गुंतवून ठेवणे, याला ते मागे धावणे म्हणतात. आठवण आली, ती आठवण आहे हे कळले, मनात कृतज्ञता उमटली आणि पुन्हा श्वासाकडे किंवा हातातील कामाकडे येता आले, तर ती स्मृती बाधक ठरत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्यांची आठवणच जाते, त्यांचे काय? स्मृतिभ्रंशाने आईला मुलाचे नाव आठवेनासे होते, वडील स्वतःच्या घरात बसून घरी जाण्याचा हट्ट धरतात. अशा वेळी साधना कमी पडली, असे म्हणणे अज्ञानाचे आणि क्रूरपणाचे होय. मेंदू हाही शरीराचाच भाग आहे आणि त्याची व्याधी ही व्याधीच आहे. नकुलपिता नावाचे वृद्ध, आजारी गृहस्थ बुद्धांकडे आले होते. शरीर रोगी असले तरी चित्त रोगी होऊ नये, असा अभ्यास करण्यास बुद्धांनी त्यांना सांगितले. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे तेथे हा अभ्यास प्रथम शुश्रूषा करणाऱ्याने करावयाचा असतो. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला गेला असता दहाव्यांदाही पहिल्यासारखेच उत्तर देता येणे, ही मोठी क्षांती आहे. नावे विसरलेली माणसेही कित्येकदा लहानपणापासून म्हटलेली वंदना सुरात म्हणतात. त्या वेळी त्यांच्याशेजारी बसून ती म्हणावी. त्यांची स्मृती आता आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे.

आईवडिलांचे ऋण

निवासी शाळेत शिकलेल्यांच्या बाबतीत या सर्व विचाराला एक वेगळी धार आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल वसतिगृहाच्या फाटकापाशी सोडून, मागे वळून पाहत गेलेल्या आईवडिलांनी आपल्या शिक्षणासाठी वियोग पत्करला. मूल शिकावे म्हणून त्यांनी घर रिकामे केले. आज ते मूल शहरात किंवा परदेशात स्थिरावले आहे आणि रिकाम्या घरात आईवडील आहेत. वियोग तोच आहे. फक्त वाट पाहणारे बदलले आहेत.

अंगुत्तरनिकायात म्हटले आहे की एका खांद्यावर आई आणि दुसऱ्या खांद्यावर वडील घेऊन शंभर वर्षे सेवा केली तरी त्यांचे ऋण फिटत नाही. ते कशाने फिटते, हेही तेथेच सांगितले आहे : श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत त्यांना प्रतिष्ठित करण्याने. याचा साधा अर्थ असा की दरमहा पैसे पाठविणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर कर्तव्य पूर्ण होत नाही. त्यांच्याशी धम्माविषयी बोलावे, त्यांना विहारात नेऊन आणावे, त्यांच्या हातून दान घडू द्यावे आणि आपण घराला अजून हवे आहोत हे त्यांना जाणवू द्यावे. सिगालोवाद सुत्तात मुलांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत भरणपोषणाबरोबरच वारशाला पात्र होण्याचाही उल्लेख आहे.

आपल्या समाजासाठी हा वारसा कोणता, हे वेगळे सांगावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्या दिवशी वडिलांचे बोट धरून तेथे गेलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. पांढऱ्या वस्त्रांसाठी घरात काय विकले, वाटेत काय खाल्ले, परत आल्यावर गावाने कसे वागविले, हे सर्व ग्रंथांत सापडणार नाही. ते त्यांच्या बोलण्यात आहे आणि प्रत्येक वर्षी त्यातील काही कायमचे हरवत आहे. आनंदांनी जे संघासाठी केले तेच, लहान प्रमाणात, आपण आपल्या घरासाठी करू शकतो. सुटीत गावी गेल्यावर एक सायंकाळ मोबाइल बाजूला ठेवून, किंवा त्यावर आवाज मुद्रित करून घेऊन, आजी-आजोबांना विचारावे आणि शांतपणे ऐकावे. त्यातून घराला इतिहास मिळेल आणि वृद्धाला श्रोता मिळेल.

भगवान बुद्धांनी आनंदांची प्रशंसा त्यांच्या समोर, चार माणसांत केली. आपण मात्र कृतज्ञतेचे शब्द बहुधा शोकसभेसाठी राखून ठेवतो. ते जिवंतपणी बोलले जावेत. आईवडिलांविषयी, ज्यांनी आपल्याला अक्षर शिकविले त्या गुरुजनांविषयी आणि वसतिगृहात आपल्या ताटात भाकरी वाढणाऱ्या मावशींविषयी जे काही मनात आहे, ते या स्मरणिकेचे पान मिटण्यापूर्वी त्यांना कळवावे, एवढीच आमची सर्व माजी विद्यार्थ्यांस आणि पालकांस नम्र विनंती आहे.